व्यायामोत्तर शीतजल-स्नान : लाभ, जोखीम आणि हिशेब

गेल्या काही वर्षांत व्यापारी कुटुंबांच्या दिनक्रमात एक स्वागतार्ह बदल घडून आला आहे. दिवसभर गादीवर किंवा गल्ल्यावर बसून व्यवसाय सांभाळणाऱ्या घरांतील तरुण पिढी पहाटे धावावयास जाते, सायंकाळी व्यायामशाळेत वजने उचलते आणि जानेवारीतील मुंबई मॅरेथॉनसाठी महिनोन्‌महिने तयारी करते. पन्नाशी ओलांडलेले वडीलही, रक्तदाब आणि मधुमेहाच्या धाकाने का होईना, नियमित चालू लागले आहेत. या व्यायामाच्या पाठोपाठ आता आणखी एक प्रथा घरात प्रवेश करू लागली आहे. व्यायाम संपला की बर्फ घातलेल्या पाण्याच्या टबमध्ये छातीपर्यंत बुडून दहा-पंधरा मिनिटे बसायचे, ही ती प्रथा होय. नामांकित खेळाडूंची अशी छायाचित्रे भ्रमणध्वनीवर रोज दिसतात. त्यामुळे जे त्यांना हितकारक ते आपल्यालाही हितकारकच असणार, अशी समजूत सहज होते.

ही समजूत अर्धीच खरी आहे. थंड पाणी व्यायामानंतरचा ठणका कमी करते, हे प्रयोगांनी दाखविले आहे. परंतु तीच गार बैठक स्नायू कमावण्यासाठी केलेल्या व्यायामाचे फळ घटविते, हेही प्रयोगांनीच दाखविले आहे. आणि हृदयविकार असलेल्या व्यक्तीस ती पहिल्या एका मिनिटातच संकटात टाकू शकते. म्हणून शीतजल-स्नान चांगले की वाईट, असा सरसकट प्रश्न विचारण्याऐवजी ते कोणी, कशासाठी आणि केव्हा करावयाचे, हा प्रश्न विचारणे अधिक उचित ठरेल.

ठणका कशाचा असतो?

पुष्कळ दिवसांनी जिना चढला, डोंगर उतरला किंवा नेहमीपेक्षा अधिक वजन उचलले, तर त्या दिवशी विशेष काही जाणवत नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी मात्र मांड्या-पोटऱ्या भरून येतात. हा ठणका साधारणतः २४ ते ७२ तासांच्या दरम्यान सर्वाधिक असतो. अमेरिकेतील शरीरशास्त्रज्ञ थिओडोर हफ यांनी १९०२ साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि स्नायूंच्या आतील सूक्ष्म इजा हे त्याचे कारण असावे, असे सुचविले. पुढे बराच काळ लॅक्टिक आम्ल साचल्यामुळे स्नायू दुखतात, असे सांगितले जात असे आणि अनेक व्यायामशाळांत ते आजही सांगितले जाते. वस्तुतः व्यायामात वाढलेले लॅक्टेट साधारण तासाभरात पूर्ववत होते. दुसऱ्या दिवशीच्या दुखण्याचे खापर त्याच्यावर फोडता येत नाही. अनभ्यस्त ताणामुळे स्नायूंच्या तंतूंना झालेली सूक्ष्म इजा आणि ती भरून काढण्यासाठी शरीराने सुरू केलेली दाहाची प्रक्रिया, हे या दुखण्याचे मूळ होय.

थंड पाणी या दुखण्यावर दोन-तीन मार्गांनी परिणाम करते. त्वचेजवळील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि स्नायूंकडे जाणारा रक्तप्रवाह मंदावतो. स्नायूंचे तापमान उतरते. वेदनेचा संदेश वाहणाऱ्या मज्जातंतूंची गती कमी होते, त्यामुळे दुखणे बोथट होते. शिवाय पाण्याचा स्वतःचा दाब पायांवर सर्व बाजूंनी पडतो आणि सूज मर्यादित राहण्यास साह्य होते. हवेच्या तुलनेत पाणी उष्णतेचे वहन सुमारे २५ पटींनी अधिक करते. म्हणूनच १५ अंश सेल्सियसची हवा सुखद वाटते आणि १५ अंशांचे पाणी अंगावर काटा आणते.

या पद्धतीला लोकप्रियता मिळण्यास ब्रिटिश धावपटू पॉला रॅडक्लिफ यांचा मोठा हातभार लागला. २००२ साली म्युनिक येथील युरोपीय स्पर्धेत दहा हजार मीटर शर्यत जिंकल्यावर त्यांनी आपल्या बर्फ-स्नानाचा उल्लेख केला आणि पुढच्या वर्षी लंडन मॅरेथॉनमध्ये २ तास १५ मिनिटे २५ सेकंदांचा जागतिक विक्रम नोंदविला. त्यानंतर बर्फाचे टब अनेक संघांच्या विश्रांतिगृहांत दिसू लागले.

दिलाशाचा पुरावा

वैद्यकीय प्रयोगांचे निःपक्षपाती संकलन करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१२ साली या विषयावरील १७ लहान प्रयोगांचा, म्हणजे एकूण ३६६ व्यक्तींवरील निरीक्षणांचा, आढावा प्रसिद्ध केला. बहुतेक प्रयोगांत पाणी १० ते १५ अंशांचे होते आणि बसण्याचा काळ ५ ते २४ मिनिटांचा होता. नुसती विश्रांती घेणाऱ्यांच्या तुलनेत थंड पाण्यात बसलेल्यांना एक ते चार दिवसांपर्यंत ठणका कमी जाणवला, असा निष्कर्ष निघाला. मात्र संभाव्य दुष्परिणामांची नोंद या प्रयोगांत पुरेशी केली गेलेली नाही, हेही त्या आढाव्यात स्पष्टपणे नमूद आहे. २०१६ सालच्या दुसऱ्या एका आढाव्यात ११ ते १५ अंशांचे पाणी आणि ११ ते १५ मिनिटांचा काळ सर्वांत उपयुक्त आढळला. याचा अर्थ असा की, पाणी जितके अधिक गार तितका लाभ अधिक, हा समज निराधार आहे. बर्फाचे तुकडे तरंगत असलेल्या दोन-तीन अंशांच्या पाण्यात बसण्याने धाडस सिद्ध होईल. लाभ वाढेल असे नाही.

या दिलाशात मनाचा वाटा किती, याचाही शोध घेतला गेला आहे. मेलबर्न येथील व्हिक्टोरिया विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ साली ३० तरुणांना दमछाक करणारा व्यायाम दिला आणि नंतर त्यांचे तीन गट करून पंधरा मिनिटे पाण्यात बसविले. पहिल्या गटासाठी सुमारे १० अंशांचे थंड पाणी होते. दुसऱ्या गटासाठी अंगाला ना गार ना गरम लागणारे, सुमारे ३५ अंशांचे पाणी होते. तिसऱ्या गटासाठीही तेच पाणी होते. परंतु त्यात त्यांच्यादेखत एक द्रव मिसळण्यात आला आणि तो स्नायूंना लवकर पूर्ववत करणारा पदार्थ आहे, असे सांगण्यात आले. प्रत्यक्षात तो साधा साबण होता. पुढील दोन दिवसांत या तिसऱ्या गटाच्या पायांतील शक्ती थंड पाण्यात बसलेल्यांच्या इतकीच भरून आली. श्रद्धेने येणारा आराम खोटा नसतो. पण त्यासाठी बर्फच लागतो असेही नाही.

२०१७ साली प्रसिद्ध झालेल्या आणखी एका अभ्यासात व्यायामानंतर स्नायूंचे सूक्ष्म नमुने घेऊन तपासणी करण्यात आली. थंड पाण्यात बसणे आणि संथ सायकल चालविणे यांची तुलना केली असता, स्नायूंच्या आतील दाह कमी करण्यात थंड पाणी वरचढ ठरले नाही. दुखणे कमी जाणवणे आणि इजा लवकर भरून येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यावरून ध्यानी येते.

उद्याच्या खात्यातून उचल

या विषयातील सर्वांत महत्त्वाचा प्रयोग ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड येथील संशोधकांनी केला आणि तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. २१ निरोगी, व्यायामाची सवय असलेल्या पुरुषांनी आठवड्यातून दोन दिवस याप्रमाणे १२ आठवडे पायांचा वजनी व्यायाम केला. प्रत्येक वेळी व्यायामानंतर एका गटाने १० मिनिटे १० अंशांच्या पाण्यात बसावयाचे आणि दुसऱ्या गटाने तितकाच वेळ संथपणे सायकल चालवावयाची, अशी योजना होती. तीन महिन्यांनंतर दोन्ही गटांची मोजदाद झाली. सायकल चालविणाऱ्यांच्या स्नायूंचे वस्तुमान आणि शक्ती या दोहोंत अधिक वाढ झाली होती. बळ देणारे जे जलद तंतू असतात, त्यांची जाडी त्यांच्यात १७ टक्क्यांनी वाढली. थंड पाण्यात बसणाऱ्यांत तशी वाढ आढळली नाही. घाम दोन्ही गटांनी सारखाच गाळला होता. पदरात मात्र सारखे पडले नाही.

असे का व्हावे, याचे उत्तर त्याच संशोधकांच्या दुसऱ्या प्रयोगात मिळते. व्यायामाने स्नायूंना ताण पडला म्हणजे दुरुस्ती करणाऱ्या पेशी जाग्या होतात आणि नवी प्रथिने घडविण्याचे संदेश सुटतात. थंड पाण्यात बसल्याने हे संदेश दोन दिवसांपर्यंत क्षीण राहिले. नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट येथे २०२० साली याचीच वेगळ्या रीतीने पडताळणी झाली. १२ तरुणांनी दोन आठवडे व्यायामानंतर एक पाय ८ अंशांच्या आणि दुसरा पाय ३० अंशांच्या पाण्यात २० मिनिटे ठेवला. माणूस तोच, आहार तोच, व्यायाम तोच. तरीही गार केलेल्या पायात स्नायूंची प्रथिने घडण्याचा वेग कमी आढळला.

दाह म्हणजे केवळ शत्रू नव्हे. दुरुस्तीचे काम करणारा तो कारागीरही आहे. त्याला प्रत्येक वेळी दारातूनच परत पाठविले, तर दुरुस्ती अपुरी राहते. अमेरिकन वैद्य गेब मर्किन यांनी १९७८ साली खेळातील दुखापतींसाठी विश्रांती, बर्फ, दाबपट्टी आणि अवयव उंचावर ठेवणे हा चतुःसूत्री उपाय मांडला आणि तो जगभर रूढ झाला. जवळजवळ साडेतीन दशकांनंतर त्याच मर्किन यांनी बर्फामुळे बरे होण्यास विलंब लागू शकतो, असे जाहीरपणे लिहून आपले मत सुधारले.

व्यापाऱ्याच्या भाषेत बोलावयाचे तर शीतजल-स्नान ही एक उचल आहे. आज दिलासा मिळतो आणि त्याची फेड उद्याच्या स्नायूंतून होते. उचल घेणे नेहमीच गैर नसते. प्रो-कबड्डीसारख्या स्पर्धेत लागोपाठ सामने असतील, किंवा शनिवारच्या शर्यतीनंतर रविवारी पुन्हा उतरावयाचे असेल, तर खेळाडूला तीन महिन्यांनंतरच्या बळापेक्षा उद्याचे पाय महत्त्वाचे असतात. तेथे थंड पाणी उपयोगी पडते. धावणे, सायकल चालविणे अशा दमदारपणाच्या व्यायामांवर त्याचा प्रतिकूल परिणाम आजवरच्या अभ्यासांत दिसलेला नाही, हेही नमूद केले पाहिजे. परंतु जो तरुण वर्षभर स्नायू कमावण्यासाठी वजने उचलतो आणि प्रत्येक वेळी लगेच बर्फात बसतो, तो आपल्याच भांडवलाला कात्री लावीत असतो. उतारवयात स्नायू टिकवून ठेवण्यासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने वजनी व्यायाम करणाऱ्या साठीतील व्यक्तीलाही हाच विचार लागू पडतो.

प्रचलित दावे आणि त्यांची मर्यादा

थंड पाण्याने प्रतिकारशक्ती वाढते, हा दावा वारंवार ऐकू येतो. नेदरलँड्समध्ये ३,०१८ व्यक्तींवर झालेला आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग त्यासाठी आधार म्हणून सांगितला जातो. या प्रयोगात नेहमीच्या उबदार स्नानाच्या शेवटी ३०, ६० किंवा ९० सेकंद थंड पाण्याची धार अंगावर घेण्यास सांगितले होते. अशा व्यक्तींच्या आजारपणाच्या रजा २९ टक्क्यांनी कमी झाल्या; परंतु आजारी असल्याचे दिवस मात्र कमी झाले नाहीत. म्हणजे आजार तेवढाच राहिला, कामावर जाण्याची उमेद वाढली. शिवाय ३० सेकंद आणि ९० सेकंद यांच्या फलात फरक आढळला नाही. ज्यांना गारव्याचा उत्साह हवा आहे, त्यांना घरच्या नळाखालील अर्धे मिनिट पुरेसे आहे, असाच याचा व्यवहारी अर्थ निघतो.

दुसरा दावा मनाच्या प्रसन्नतेचा. थंड पाण्याने डोपामिन हे रसायन अडीचशे टक्क्यांनी वाढते, असे छातीठोकपणे सांगितले जाते. हा आकडा २००० साली प्रसिद्ध झालेल्या झेक संशोधकांच्या प्रयोगातील आहे. त्यात मोजके तरुण पुरुष १४ अंशांच्या पाण्यात पूर्ण एक तास बसले होते. तासाभराच्या बैठकीचे फळ दोन मिनिटांच्या बुडीच्या नावावर जमा करता येत नाही.

महाराष्ट्रातील जुन्या पिढीला थंड पाण्याचा उपचार अपरिचित नाही. १९४६ साली महात्मा गांधींनी पुण्याजवळील उरुळी कांचन येथे निसर्गोपचार आश्रमाची स्थापना केली. जर्मनीतील लुई कूने यांच्या विचारांतून गांधीजींनी स्वीकारलेले कटिस्नान तेव्हापासून अनेकांच्या परिचयाचे झाले. परंतु कटिस्नानात कंबरेभोवतीचाच भाग पाण्यात असतो आणि ते घाम गाळणाऱ्या व्यायामानंतर लगेच घ्यावयाचे नसते. त्या अनुभवाच्या बळावर बर्फाच्या टबमध्ये सर्वांग बुडविणे निर्धोक मानू नये.

पहिले एक मिनिट

जोखमीचा विचार करताना शरीर हळूहळू गारठण्याची भीती आधी मनात येते. प्रत्यक्षात खरा धोका त्याच्या कितीतरी आधी असतो. इंग्लंडमधील पोर्ट्समथ विद्यापीठाचे प्राध्यापक माइक टिप्टन यांनी अनेक वर्षे या विषयाचा अभ्यास केला आहे. त्वचा एकाएकी गार पडताच माणूस अनिच्छेने मोठा श्वास खेचतो, नंतर धाप लागते, हृदयाचे ठोके आणि रक्तदाब झपाट्याने वाढतात. ही प्रतिक्रिया अर्ध्या मिनिटाच्या सुमारास सर्वांत तीव्र असते आणि दोन-तीन मिनिटांत ओसरते. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल, तर खेचलेला श्वास हवेऐवजी पाण्याचा असू शकतो.

हृदयाच्या दृष्टीने आणखी एक गुंतागुंत आहे. गार त्वचा हृदयाला वेग वाढविण्याची आज्ञा देते; चेहरा पाण्यात बुडवून श्वास रोखला असता मात्र वेग कमी करण्याची आज्ञा सुटते. एकाच वेळी दोन परस्परविरोधी आज्ञा मिळाल्याने ठोक्यांची लय बिघडू शकते, असे टिप्टन आणि त्यांचे सहकारी मायकेल शॅटॉक यांनी २०१२ साली मांडले. निरोगी तरुणात ही अनियमितता बहुधा क्षणिक ठरते. ज्यांच्या हृदयात आधीच दोष आहे, त्यांच्यासाठी ती प्राणघातक होऊ शकते. असा दोष कित्येकदा संबंधित व्यक्तीस ठाऊकही नसतो. म्हणून टबमध्ये डोके बुडविणे आणि श्वास रोखून धरण्याच्या पैजा लावणे हे प्रकार पूर्णतः वर्ज्य मानावेत.

थोड्या-थोड्या वेळाच्या पाच-सहा बैठकांनंतर शरीर सरावते आणि ही पहिली धडकी जवळजवळ निम्म्यावर येते, हे खरे आहे. परंतु सरावाने धडकी कमी होते, हृदयविकार बरा होत नाही.

बाहेर आल्यावरही सावधगिरी संपत नाही. पाण्यातून निघाल्यावर काही काळ शरीराच्या आतील तापमान उतरतच राहते. त्यामुळे टबमध्ये ठीक वाटलेली व्यक्ती दहा मिनिटांनी कापू लागते, तिचे हात बधिर होतात. अशा वेळी लगेच कढत पाणी अंगावर घेतल्यास रक्तवाहिन्या एकदम प्रसरण पावून भोवळ येऊ शकते. अंग कोरडे करणे, उबदार कपडे घालणे, कोमट पेय घेणे आणि थोडे चालणे, हा सुरक्षित क्रम होय. थरथर थांबेपर्यंत वाहन चालवू नये.

हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब, ठोक्यांची अनियमितता, अपस्मार किंवा दमा असलेल्यांनी आणि गर्भवती स्त्रियांनी वैद्यकीय अनुमतीवाचून हा प्रयोग करू नये. हृदयगती मंदावणारी औषधे घेणाऱ्यांनाही हेच लागू आहे. थंडीत ज्यांची बोटे पांढरी-निळी पडतात, त्यांनी तो टाळावा. मधुमेहाने पायांची संवेदना कमी झालेल्यांना गारव्यामुळे होणारी इजा वेळेवर कळत नाही; त्यांच्यासाठी धोका दुहेरी आहे. उपवासाच्या दिवशी शरीराजवळ ऊब निर्माण करण्यास लागणारे इंधन कमी असते, तेव्हाही थंड पाण्यात बसणे इष्ट नव्हे. आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. वर सांगितलेल्या लाभांचे बहुतेक प्रयोग तरुण, निरोगी पुरुषांवर झालेले आहेत. स्त्रिया आणि साठीपुढील व्यक्तींविषयीचा पुरावा तुटपुंजा आहे. विशीतल्या मुलाला मानवलेली गोष्ट वडिलांना मानवेल, असे गृहीत धरता येत नाही.

जेथे विलंब घातक ठरतो

शीतजल-स्नानाचा एक उपयोग मात्र निर्विवाद आहे आणि तो प्रत्येक घराने जाणून घेतला पाहिजे. उन्हात दीर्घकाळ श्रम केल्याने किंवा धावल्याने शरीराचे तापमान ४० अंशांच्या वर गेले आणि माणूस असंबद्ध बोलू लागला, अडखळू लागला किंवा कोसळला, तर तो श्रमजन्य उष्माघात होय. अशा रुग्णाला बर्फाच्या पाण्यात बुडवून तत्काळ थंड करणे हा सर्वांत प्रभावी उपाय मानला जातो. आधी थंड करावे आणि मग रुग्णालयात हलवावे, हा त्यामागील नियम.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात फॅलमथ येथे दरवर्षी ऑगस्टच्या उकाड्यात सुमारे ११ किलोमीटरची शर्यत होते. तेथील १८ वर्षांच्या नोंदी २०१५ साली प्रसिद्ध झाल्या. त्या काळात श्रमजन्य उष्माघाताचे २७४ रुग्ण आढळले, त्यांना शर्यतीच्या जागीच थंड पाण्याच्या टबमध्ये ठेवण्यात आले आणि २७४ पैकी एकही दगावला नाही. वैद्यकीय इतिहासात असा शंभर टक्के हिशेब क्वचितच जुळतो. येथेही थंड पाण्याची धडकी बसतेच. परंतु मेंदू आणि यकृत होरपळत असताना तो धोका तुलनेने अल्प ठरतो आणि प्रशिक्षित माणसे शेजारी उभी असतात.

विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशातील उन्हाळा पाहता तेथील शर्यतींच्या आणि क्रीडा-शिबिरांच्या संयोजकांनी पाण्याचा टब आणि बर्फ तयार ठेवणे हे पदकांच्या खरेदीइतकेच आवश्यक मानावे. टब उपलब्ध नसेल, तर रुग्णाला सावलीत आडवे करून बर्फाच्या पाण्यात भिजविलेल्या चादरी अंगभर गुंडाळाव्यात, त्या सतत बदलाव्यात, जोराने वारा घालावा आणि त्याच वेळी रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध हरपलेल्या रुग्णाच्या तोंडात पाणी ओतू नये.

बर्फाचा हिशेब

लाभ आणि जोखीम पाहिल्यावर खर्चाचाही विचार करणे क्रमप्राप्त आहे. थंड प्रदेशांत नळाचे पाणीच कित्येकदा १२-१५ अंशांचे असते. आपल्याकडे गच्चीवरील टाकीतील पाणी वर्षातील बहुतांश काळ त्याच्या दुप्पट तापमानाचे असते. २८ अंशांचे २०० लिटर पाणी १४ अंशांवर आणावयाचे म्हटले, तर २,८०० किलोकॅलरी उष्णता काढून घ्यावी लागते. एक किलो बर्फ वितळताना सुमारे ८० किलोकॅलरी आणि वितळलेले पाणी १४ अंशांपर्यंत येताना आणखी १४, अशा ९४ किलोकॅलरी शोषून घेतो. म्हणजे एका बैठकीस सुमारे ३० किलो बर्फ लागला. आठवड्यातून तीन वेळा असा क्रम ठेवल्यास महिन्याला बारा बैठका, ३६० किलो बर्फ आणि २,७०० लिटरहून अधिक पाणी खर्ची पडते. ज्या घरांत पाण्याचा थेंबही जपून वापरण्याचे संस्कार आहेत, तेथे या आकड्याने क्षणभर थांबावयास लावले पाहिजे.

पाणी वाचविण्यासाठी तेच पाणी टबमध्ये चार-चार दिवस ठेवणे हा उपाय नव्हे. त्यात जंतू वाढतात. झाकण नसेल, तर डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. आणि लहान मुलांसाठी भरलेला टब हा घरातील सर्वांत मोठा धोका ठरू शकतो. विजेवर पाणी थंड करणारे यंत्र बसविणार असल्यास अर्थिंग आणि गळतीचा प्रवाह तोडणारी कळ यांची तपासणी जाणकाराकडून करून घेणे अगत्याचे आहे.

घरासाठी काही नियम

ज्यांची प्रकृती निकोप आहे आणि ज्यांना प्रसंगविशेषी या उपायाचा लाभ घ्यावयाचा आहे, त्यांनी पुढील मर्यादा पाळाव्यात. पाण्याचे तापमान हाताने न अजमावता तापमापकाने मोजावे. ते १० अंशांच्या खाली नसावे. पहिल्या काही वेळा २० अंशांच्या पाण्यात दोन-तीन मिनिटेच बसावे आणि क्रमाने पुढे जावे. व्यायाम थांबताच उडी न घेता पाच-दहा मिनिटे संथ चालून श्वास आणि ठोके स्थिरावू द्यावेत. घाम जिरल्यावरच स्नान करावे, हा वडीलधाऱ्यांचा उपदेश येथे योग्यच ठरतो. आधी पाय, मग कंबर, असे सावकाश उतरावे. डोके आणि चेहरा बाहेर ठेवावा. दहा मिनिटे पुरेशी आहेत. पंधराच्या पुढे कदापि जाऊ नये. घरातील एक प्रौढ व्यक्ती शेजारी असल्यावाचून टबमध्ये उतरू नये. छातीत दुखणे, चक्कर, ठोक्यांची धडधड किंवा बोलण्यात अडखळणे जाणवताच बाहेर यावे आणि वैद्यकीय साह्य घ्यावे. वजनी व्यायामाच्या दिवशी टब टाळावा.

ज्यांचा हेतू केवळ दुखणे कमी करून लवकर ताजेतवाने होणे हा आहे, त्यांच्याजवळ याहून स्वस्त साधने आहेत. रात्रीची पुरेशी झोप, डाळी, कडधान्ये, दूध आणि दही यांतून मिळणारी प्रथिने, व्यायामानंतरचे संथ चालणे आणि व्यायामाचे प्रमाण हळूहळू वाढविण्याचा संयम, यांना बर्फ लागत नाही. हेच व्यायाम नेमाने केल्यास दोन-तीन आठवड्यांत तो ठणका आपोआपच कमी होतो, कारण शरीर त्या ताणाला सरावते.

टब विकत घेण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांनी आणि तरुणांनी एकत्र बसून तीन प्रश्नांची उत्तरे द्यावीत. उद्या पुन्हा मैदानात उतरावयाचे आहे की वर्षभरात बळ कमवावयाचे आहे? टबमध्ये बसणाऱ्या प्रत्येकाच्या हृदयाची आणि रक्तदाबाची तपासणी झाली आहे काय? त्या वेळी शेजारी कोण असणार आहे? यांपैकी एकाही प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तर स्नानाच्या शेवटी नळाच्या थंड पाण्याची अर्धे मिनिट धार घेण्यावर संतोष मानावा. रक्तदाब वा हृदयाचा विकार असलेल्यांनी मात्र तीदेखील डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.